प्रबंध वर्डमध्ये की लेटेकमध्ये? टायपिंगला बसण्याआधी वाचा

आमच्या फोंड्याच्या छपाईच्या दुकानात प्रबंधाचं काम घेऊन येणारे बहुतेकजण आधी हेच विचारतात. वर्डमध्ये पान टाइप करतानाच दिसतं; लेटेकमध्ये साध्या मजकुरात आज्ञा लिहायच्या आणि त्यावरून पीडीएफ बनते. आम्ही त्यांना उलट विचारतो: तुमचे गाईड दुरुस्त्या कशात करून देतात? ते वर्डच्या फाइलीत ट्रॅक चेंजेस (केलेला प्रत्येक बदल दिसत ठेवणारी सोय) लावून शेरे देत असतील, तर वर्ड सोडू नका. लेटेकची पीडीएफ सुंदर दिसते, पण गाईडनी तिच्यावर पेनाने केलेली प्रत्येक खूण तुम्हाला मूळ फाइलीत शोधून घालावी लागेल. मराठी, कोंकणी, इतिहास अशा विषयांत तळटीपा कितीही असल्या तरी वर्ड पुरतं.

गणित, भौतिकशास्त्रवाल्यांनी मात्र लेटेकच घ्यावं. पानोपानी समीकरणं असतात. मध्ये एक नवं घातलं की पुढचे क्रमांक आपोआप बदलतात, आणि नीट लेबल दिलेलं असेल तर मजकुरातलं ‘समीकरण ४.७ पाहा’ हेसुद्धा. डोनाल्ड कनूथ यांना आपल्या गणिती पुस्तकाच्या नव्या आवृत्तीची प्रुफं पसंत पडली नाहीत, म्हणून त्यांनी १९७८ साली टेक ही अक्षरजुळणीची प्रणाली आणली. तिच्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी लेटेक उभारलं. ओळ कुठे तोडायची हे ते अख्खा परिच्छेद बघून ठरवतं, म्हणून शब्दांमधल्या जागा डोळ्यांना खुपत नाहीत.

‘लेटेकमध्ये मराठी उमटतच नाही’ ही तक्रार आमच्याकडे फार येते. मराठी उत्तम उमटतं. ओव्हरलीफवर, म्हणजे ब्राउझरमध्ये लेटेक चालवायच्या संकेतस्थळावर, पीडीएफ बनवणाऱ्या प्रोग्रॅमचं मूळ सेटिंग पीडीएफलेटेकचं असतं, ते बदलून झीलेटेक करा. नोटो सेरिफ देवनागरीसारखा युनिकोड फॉन्ट घ्या आणि फॉन्टच्या ओळीत स्क्रिप्ट देवनागरी आहे हे लिहा. ते लिहायचं राहिलं की जोडाक्षरं सुटतात आणि ऱ्हस्व वेलांटी भलतीकडे जाते.

आता ज्या चुकीत आमचे आणि तुमचे दिवस जातात ती. वर्डची फाइल उघडून आम्ही आधी कंट्रोल-शिफ्ट-८ दाबतो. लपलेल्या खुणा दिसू लागतात. ‘प्रकरण तिसरे’ हे शब्द मध्यभागी आणायला स्पेसबार दाबलेला असतो, म्हणून ठिपक्यांची रांग. प्रकरण नव्या पानावर जावं म्हणून एंटरवर एंटर. मथळा ठळक आणि अठरा पॉइंटचा, पण वर्डच्या लेखी तो साधा परिच्छेदच. अनुक्रमणिका हाताने टाइप केलेली, पानांचे आकडे टॅब मारून बसवलेले. मग गाईड पान चाळीसवर दोन ओळी वाढवायला सांगतात आणि तिथून शेवटपर्यंत सगळं सरकतं. सबमिशनच्या आदल्या संध्याकाळी अशी फाइल आली की आम्हाला ती पानापानाने उसवावी लागते.

करायचं एवढंच. मथळ्यावर कर्सर ठेवून कंट्रोल-ऑल्ट-१ दाबा, म्हणजे हेडिंग १ लागेल, उपमथळ्याला कंट्रोल-ऑल्ट-२. रंग, आकार आवडला नाही तर स्टाइल बदला, प्रत्येक मथळा वेगळा रंगवत बसू नका. नव्या पानासाठी कंट्रोल-एंटर. अनुक्रमणिका वरच्या रेफरन्सेस टॅबमधून घाला. पानं हलली की तिच्यात क्लिक करून एफ-९ दाबायचं, आकडे ताजे होतात.

याचा आणखी एक फायदा आहे. अशी फाइल पुढे लेटेकमध्ये न्यायची ठरली तर पॅनडॉक या फाइलींचा प्रकार बदलणाऱ्या प्रोग्रॅमने मथळ्यांची प्रकरणं नि उपप्रकरणं सरळ बनतात आणि वर्डच्या समीकरण-एडिटरमधली समीकरणंही येतात. हाताने ठळक केलेले मथळे मात्र नुसते ठळक परिच्छेद म्हणूनच येतात, आणि चित्र म्हणून चिकटवलेलं समीकरण चित्रच राहतं.

फाइलीच्या साफसफाईचे पैसे वेगळे का, असंही विचारतात. छपाईचा दर पानावर आहे. उसवण्याचं काम पानांवर मोजता येत नाही. स्टाइल लावून आणलेल्या फाइलीला आम्ही हे वेगळे पैसे लावत नाही. श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टांतला मजकूर युनिकोडमध्ये करून देतो, पण रफार आणि जोडाक्षरं त्यात हमखास बिघडतात, म्हणून त्यानंतरचं प्रुफ तुम्ही स्वतः वाचल्याशिवाय आम्ही छापत नाही. याबाबतीत आम्ही कुणाचंच ऐकत नाही.

जत्रेची स्मरणिका, नाट्यमंडळाचा अंक, जाहिरातींची पानं यांसाठी या दोन्हींचा हट्ट नको. ते काम आम्ही इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये करतो. तुम्ही फक्त मजकूर वर्डमध्ये आणि फोटो वेगळ्या फाइलींत आणा. वर्डमध्ये चिकटवलेले फोटो बऱ्याचदा छपाईत फुटतात.

लिहायला सुरुवात करण्याआधी फोंड्याच्या दुकानात एकदा या. तुमच्या विभागाच्या नियमांची प्रत आणा: समास, ओळींमधलं अंतर, मुखपृष्ठाचा नमुना. त्यावरून आम्ही स्टाइल बसवलेली कोरी फाइल करून देतो, वर्डची किंवा लेटेकची, आणि छपाई-बाइंडिंग आमच्याकडे असेल तर त्या फाइलीचे पैसे घेत नाही. चवथीच्या सुट्टीत दुकान बंद असतं, तेव्हा त्या सुमारास सबमिशन असेल तर महिनाभर आधी कळवा.