फिलाडेल्फियातील सौदे: अमेरिकेची राज्यघटना अशी का घडली?

आजची राज्यघटना येण्याआधीही अमेरिकेत एक सरकार होते, मात्र त्याला कर बसवण्याचा अधिकार नव्हता. इंग्लंडविरुद्धचे युद्ध चालू असतानाच तेरा राज्यांनी आपसात एक करार केला. त्याचा मसुदा १७७७ मध्ये मंजूर झाला आणि मेरीलँडने सर्वांत शेवटी मान्यता दिल्यावर १ मार्च १७८१ रोजी तो अमलात आला. काँग्रेस नावाचे एकच सभागृह, प्रत्येक राज्याला एक मत, कारभार हाकणारा राष्ट्राध्यक्ष नाही, देशपातळीवरची न्यायव्यवस्था नाही. पैसा लागला तर काँग्रेसने राज्यांकडे मागायचा आणि राज्यांना जमेल तेव्हा त्यांनी तो द्यायचा.

सत्तेची तीन अंगांत विभागणी आणि त्यांचा एकमेकांवर अंकुश, ही अमेरिकी घटनेची ओळख आपण नागरिकशास्त्रात शिकतो. ती खरीच आहे, सत्ताविभाजनाचा विचार मांडणारा फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यू घटनाकारांनी वाचलेला होता. पण ही घटना आहे तशीच का झाली हे समजून घ्यायचे असेल, तर तत्त्वज्ञानाआधी त्या रिकाम्या तिजोरीकडे आणि १७८७ च्या उन्हाळ्यात झालेल्या सौद्यांकडे पाहावे लागते, असे माझे ठाम मत आहे.

युद्धाचे कर्ज डोक्यावर होते. ते फेडण्यासाठी काँग्रेसने १७८१ मध्ये आयात मालावर पाच टक्के जकात बसवण्याची परवानगी मागितली. करारात कोणताही बदल करायचा तर तेराच्या तेरा राज्यांची संमती लागे. ऱ्होड आयलंड या सर्वांत छोट्या राज्याने १७८२ मध्ये नकार दिला आणि प्रस्ताव तिथेच अडला. पुढच्या खेपेला न्यूयॉर्क आडवे आले.

दरम्यान मॅसॅच्युसेट्सच्या पश्चिम भागातले शेतकरी कर्जाने आणि करांनी पिचले होते. कर नाण्यांत भरायचा आणि हातात नाणे नाही, म्हणून जमिनी जप्त होत, कर्जदार तुरुंगात जात. ऑगस्ट १७८६ मध्ये शेतकऱ्यांच्या जमावाने नॉर्थॅम्प्टनचे न्यायालय भरूच दिले नाही. न्यायालय बसले नाही तर जप्तीचा हुकूम निघणार कसा? या उठावाला ज्याचे नाव मिळाले तो डॅनियल शेज स्वातंत्र्ययुद्धात कॅप्टन म्हणून लढलेला होता. जानेवारी १७८७ मध्ये हे लोक स्प्रिंगफील्डच्या शस्त्रागारावर चालून गेले, तेव्हा तोफांच्या माऱ्यात त्यांच्यातले चार जण मारले गेले. शस्त्रागार काँग्रेसचे होते, पण ते राखायला काँग्रेसकडे फौज नव्हती. उठाव मोडायला निघालेल्या राज्याच्या फौजेसाठी बॉस्टनच्या धनिक व्यापाऱ्यांनी पदरचे पैसे घातले. मालमत्तावाले हादरले, आणि सरकार बळकट हवे असे ज्यांना आधीपासून वाटत होते त्यांना आता ऐकणारे मिळाले.

फिलाडेल्फियाच्या अधिवेशनाचे काम २५ मे १७८७ रोजी सुरू झाले. बारा राज्यांतून एकूण ५५ प्रतिनिधी येऊन गेले. ऱ्होड आयलंडने कोणालाच पाठवले नाही. अध्यक्षस्थानी जॉर्ज वॉशिंग्टन होते. अधिकार होता तो फक्त जुना करार दुरुस्त करण्याचा. प्रतिनिधींनी मात्र काही दिवसांतच तो बाजूला सारून नवी घटना लिहायला घेतली. आतली चर्चा बाहेर जाऊ द्यायची नाही असा नियम होता. व्हर्जिनियाचे जेम्स मॅडिसन पुढे बसून रोज टिपणे काढत. ती छापली गेली १८४० मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर चार वर्षांनी. त्या बंद खोलीत कोण काय बोलले हे आज कळते, ते मुख्यतः त्यांच्या चिकाटीमुळे.

खरा पेच होता मतांचा. एडमंड रँडॉल्फ यांनी मांडलेल्या व्हर्जिनिया योजनेत दोन सभागृहे होती आणि दोन्हींत लोकसंख्येच्या किंवा राज्याने भरलेल्या कराच्या प्रमाणात जागा. न्यू जर्सीच्या विल्यम पॅटरसन यांनी लहान राज्यांच्या वतीने उलट आराखडा आणला: एकच सभागृह, प्रत्येक राज्याला पूर्वीसारखे एक मत. काही आठवडे गाडे हलेना. अखेर कनेक्टिकटच्या रॉजर शर्मन आदींनी लावून धरलेला मध्यममार्ग १६ जुलैला मताला आला. प्रतिनिधीगृहात लोकसंख्येनुसार जागा, सिनेटमध्ये सर्व राज्ये समान. न्यूयॉर्कचे दोन प्रतिनिधी रागावून निघून गेले होते, न्यू हॅम्पशायरचे अजून पोहोचले नव्हते. पाच राज्ये बाजूने, चार विरोधात, मॅसॅच्युसेट्सची मते निम्मी-निम्मी. एका राज्याच्या फरकाने सिनेट आजच्या रूपात आली. मॅडिसन यांचा तिला विरोध होता. ज्यांना ‘घटनेचे जनक’ म्हणतात ते घटनेच्या सर्वांत टिकाऊ तरतुदीवर हरले होते, हे मला फार महत्त्वाचे वाटते.

दुसरा सौदा काळा होता. लोकसंख्येनुसार जागा द्यायच्या तर गुलाम मोजायचे की नाही? दक्षिणेकडच्या राज्यांना जागा वाढवून हव्या होत्या, पण गुलामांना कसलाच हक्क द्यायचा नव्हता. ठरले ते असे, की मोजताना पाच गुलामांमागे तीन माणसे धरायची. गुलामांचा व्यापार १८०८ पर्यंत काँग्रेसने बंद करायचा नाही, आणि पळून गेलेला गुलाम मालकाला परत द्यायचा. एवढ्या तरतुदी असूनही ‘गुलाम’ हा शब्द मूळ घटनेत कुठेही नाही. ‘इतर सर्व व्यक्ती’ अशा आडपडद्याने काम भागवले आहे. राष्ट्राध्यक्षाची निवड मतदारमंडळाने करायची हेही ठरले. त्या मंडळातली राज्याची मते म्हणजे त्याच्या दोन्ही सभागृहांतल्या जागांची बेरीज, त्यामुळे दोन्ही सौदे त्या निवडीतही उतरले.

हा दुसरा सौदा मोडायला यादवी युद्ध लागले. १८६५ मध्ये तेराव्या घटनादुरुस्तीने गुलामगिरी संपवली. १८६८ च्या चौदाव्या दुरुस्तीने अमेरिकेत जन्मलेल्यांना नागरिकत्व आणि सर्वांना कायद्याचे समान संरक्षण दिले. याच घडामोडींची दखल घेत महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ हे पुस्तक गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकी लोकांना अर्पण केले.

१७ सप्टेंबर १७८७ रोजी ३९ जणांनी सह्या केल्या. हजर असूनही तिघांनी नकार दिला, त्यात खुद्द रँडॉल्फ होते. दुसरे जॉर्ज मेसन. नागरिकांच्या हक्कांची सनद जोडा, ही त्यांची बाजू अधिवेशनात सपशेल पडली होती. पण राज्याराज्यांत मंजुरीची वेळ आली तेव्हा हाच आक्षेप सर्वांत जड गेला. नऊ राज्यांची मान्यता पुरेशी होती आणि ती २१ जून १७८८ रोजी न्यू हॅम्पशायरने पूर्ण केली. तरी व्हर्जिनियात ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमध्ये ३० विरुद्ध २७ इतक्या काठावर निकाल लागले. सनद नंतर जोडू, या आश्वासनावर मते वळवावी लागली. ते पाळले गेले आणि पहिल्या दहा दुरुस्त्या १५ डिसेंबर १७९१ रोजी लागू झाल्या.

न्यायालयाबद्दल मूळ मजकूर त्रोटक आहे. घटनेशी विसंगत कायदा रद्द ठरवण्याचा अधिकार त्यात स्पष्टपणे लिहिलेला नाही. तो १८०३ मध्ये ‘मार्बरी विरुद्ध मॅडिसन’ खटल्यात सरन्यायाधीश जॉन मार्शल यांनी निकालातून प्रस्थापित केला.

आजवर २७ दुरुस्त्या झाल्या आहेत. दोन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश आणि मग तीन-चतुर्थांश, म्हणजे ५० पैकी ३८ राज्ये, ही पायरी मुद्दाम उंच ठेवलेली आहे. १९१३ च्या सतराव्या दुरुस्तीने सिनेटर राज्यांच्या विधिमंडळांऐवजी थेट जनतेकडून निवडले जाऊ लागले. राज्यांची समानता मात्र तशीच राहिली. २०२० च्या जनगणनेनुसार कॅलिफोर्नियात सुमारे ३ कोटी ९५ लाख लोक राहतात, वायोमिंगमध्ये ६ लाखांहून कमी. सिनेटर दोघांनाही दोनच. हे बदलायचे तर ३८ राज्यांची मान्यताही पुरत नाही. कोणत्याही राज्याचा सिनेटमधला समान मताधिकार त्याच्या स्वतःच्या संमतीशिवाय काढून घेता येणार नाही, अशी तरतूद घटनाकारांनी पाचव्या कलमातच करून ठेवली आहे.