क्लस्टरसाठी फायबर : वेग अडतो तो टोकाला

सीएफडी (हवा-पाण्याच्या प्रवाहाचं संगणकी गणित) किंवा रेंडरिंगचं (थ्रीडी चित्रं तयार करण्याचं) काम क्लस्टरच्या, म्हणजे नेटवर्कने जोडलेल्या, आठ मशीनवर वाटलं, तरी १ गिगाबिटच्या (सेकंदाला १०० कोटी बिट) नेटवर्कवर मशीन एकमेकांची वाट बघत बसतात. १०० जीबीचा डेटा हलवायला १ गिगाबिटवर किमान १३-१४ मिनिटं जातात, १० गिगाबिटवर दीड मिनिटाच्या आत काम होतं, २५ वर जेमतेम अर्धं मिनिट. पण पलीकडे साटा एसएसडी (साटा जोडणीची डिस्क) असेल तर ती सेकंदाला साधारण ५५० एमबीच्या वर जात नाही, म्हणजे १० गिगाबिटचाही निम्मा रस्ता रिकामा. आधी डिस्क बघा, मग फायबर टाकायला आम्हाला बोलवा.

केबल कोणती?

रॅकच्या आत ३ मीटरपर्यंत फायबर (प्रकाशावर चालणारी काचेची केबल) लागतच नाही, तांब्याची डॅक केबल (दोन्ही टोकांना प्लग बसवूनच येणारी) पुरते. मजल्यावर ओएम४ मल्टिमोड (जाड गाभ्याची, जवळच्या अंतराची फायबर) चालते: २५ गिगाबिटला १०० मीटर, १० गिगाबिटला ४००. दोन इमारतींमध्ये सिंगलमोडच (बारीक गाभ्याची, लांब अंतराची). भोसरी-चाकणच्या दोन शेडमध्ये तांब्याची केबल ओढली, तर वळवाच्या एका कडकडाटात दोन्हीकडचे पोर्ट जाऊ शकतात. काचेतून वीज वाहत नाही. आर्मर्ड केबलच्या पोलादी कवचातून मात्र वाहते, त्याला अर्थिंग करून घ्यावं लागतं. चर एकदाच खणायचा असतो, म्हणून २ कोअरऐवजी (कोअर म्हणजे केबलमधला काचेचा एक तंतू) १२ टाका.

लिंक लागते, पण एरर येतात

बहुतेक वेळा धूळ. सिंगलमोडच्या तंतूत प्रकाश जातो तो गाभा ९ मायक्रॉनचा; ग्राइंडिंगच्या धुळीचा ५ मायक्रॉनचा एक कण त्याच्या अर्ध्या व्यासावर बसतो. एलसी कनेक्टर (फायबरचा छोटा प्लग) उघडलात की १.२५ मिमीचा क्लिक क्लीनर (टोक पुसायचं पेनासारखं साधन) सरळ धरून 'टक्' होईपर्यंत दाबा, स्कोपखाली (टोक मोठं करून दाखवणाऱ्या भिंगाखाली) बघा, डाग राहिला तरच आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि त्यावर पुन्हा कोरडा क्लीनर. नवा पॅचकॉर्डही (दोन्हीकडे प्लग असलेली छोटी फायबर) पुसूनच लावा, टोपीतला कचरा टोकाला चिकटलेला असतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे थेंब बसतात. आणि डोळा लावून कधीच बघू नका. लेझर दिसत नाही म्हणजे बंद असतो असं नाही.

लिंक मुळीच लागत नसेल तर टीएक्स-आरएक्स (पाठवणारा आणि घेणारा तंतू) उलटे आहेत का, आणि २५ गिगाबिटवर स्विच आणि नेटवर्क कार्डाचं एफईसी (चुका दुरुस्त करणारं कोडिंग) सारखं आहे का, हे बघा. पिंग चालतं पण मोठी कॉपी अडकते, तिथे एका टोकाला एमटीयू (एका पॅकेटची कमाल लांबी, बाइटमध्ये) ९००० आणि दुसऱ्याला १५०० असतो. दोन पोर्टचं २५ गिगाबिट कार्ड मदरबोर्डच्या पीसीआय एक्सप्रेस जेन३ च्या चार लेनच्या (डेटाच्या चार वाटांच्या) स्लॉटमध्ये बसवलं, तर दोन्ही पोर्टना मिळून जेमतेम ३० गिगाबिट मिळतात. स्लॉट लांब दिसतो, लेन चारच असतात.

केबल आखूड करून लेटन्सी (डेटा पोचायला लागणारा उशीर) सुधारत नाही. काचेत मीटरला ५ नॅनोसेकंद, २० मीटरला १००. लिनक्सच्या टीसीपीत (डेटा पाठवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) दहा-वीस मायक्रोसेकंद सहज जातात. एमपीआयचं काम (मशीन सतत एकमेकांना निरोप पाठवतात असं) असेल तर पैसे आरडीएमएच्या कार्डावर (जे प्रोसेसरला मधे न घेता थेट मेमरीत डेटा टाकतं) घाला.

काम सोपवताना प्रत्येक कोअरचं पॉवर मीटरचं आणि मॉड्यूलचं (फायबर बसतो त्या पोर्टमधल्या प्लगचं) आरएक्स रीडिंग, म्हणजे पोचलेल्या प्रकाशाची ताकद, आम्ही रॅकच्या दाराला आतून चिकटवतो. १० गिगाबिट एसआरला (मल्टिमोडचं मॉड्यूल) उणे ९.९ डीबीएम (प्रकाशाच्या ताकदीचं एकक) ही शेवटची हद्द. त्या कागदापेक्षा आज २ डीबीने कमी दिसलं, तर आधी टोक पुसा.