‘#५३२०००’ या खुणेची पार्श्वभूमी

सिग्नल जनरेटरला, म्हणजे हव्या त्या आकाराच्या विद्युत लहरी निर्माण करणाऱ्या उपकरणाला, संगणकातून बायनरी रूपात तरंग पाठवताना माहितीच्या आधी ‘#५३२०००’ अशासारखी खूण लावावी लागते, आणि नवख्याची गाडी बहुधा इथेच अडते. चिन्हानंतरचा ५ म्हणजे पुढे लांबीचे पाच अंक आहेत. ते अंक सांगतात की त्यामागून ३२,००० बाइट येणार आहेत.

ह्यूलेट-पॅकार्डने आपली मापन-उपकरणे संगणकाला जोडण्यासाठी विकसित केलेली एचपी-आयबी ही जोडणी १९७५ मध्ये आयट्रिपलई ४८८ या नावाने मानक झाली. आठ तारा माहितीच्या, तीन देवाणघेवाणीचा ताल राखण्याच्या आणि पाच नियंत्रणाच्या, एवढे त्यात ठरले. त्यांवरून जाणाऱ्या मजकुराची भाषा मात्र ज्याची त्याची राहिली. संदेशांची घडण १९८७ च्या ४८८.२ या पुढच्या मानकाने ठरवली, तर आज्ञांची सामाईक नावे १९९० मध्ये एससीपीआय या मानकाने दिली.

वारंवारता बदलण्यापुरत्या आज्ञा साध्या अक्षरांत पाठवल्या तरी भागत असे. पण १९९० च्या दशकातल्या एचपी ३३१२०ए या सिग्नल जनरेटरमध्ये तरंगाचे १२ बिटांचे १६,००० बिंदू मावत, आणि ‘-०.७३१२’ सारखी किंमत स्वल्पविरामासह आठ बाइट खाई. शिवाय तिचे आकड्यात रूपांतर करण्यात उपकरणाच्या प्रोसेसरचा वेळ जाई तो वेगळाच. बायनरीत तोच बिंदू दोन बाइटांत बसतो.

अडचण होती ती शेवट ओळखण्याची. अक्षरी आज्ञा नव्या ओळीच्या चिन्हाने, म्हणजे १० किमतीच्या बाइटने संपते. बायनरी माहितीत मात्र १० हा बाइट कुठेही येऊ शकतो. जीपीआयबीवर (आयट्रिपलई ४८८ चेच दुसरे नाव) शेवट सांगणारी स्वतंत्र तार होती आणि ‘#०’ हा लांबी न सांगणारा प्रकार तिच्याच भरवशावर चालतो, पण साध्या सिरियल जोडणीत अशी तार नसते. लांबी आधीच सांगण्याची युक्ती मला म्हणूनच फार दूरदृष्टीची वाटते: पुढे यूएसबी आणि लॅन आले, तरी ही खूण बदलावी लागली नाही.

बाइटांचा क्रम मात्र ही खूण सांगत नाही. दोन बाइटांच्या आकड्यात इंटेल प्रोसेसर धाकटा (कमी किमतीचा) बाइट आधी ठेवतात, तर अनेक उपकरणे थोरला आधी मागतात. हा क्रम उलटला की १ चे २५६ होतात. ज्या उपकरणात सोळाही बिट वापरात असतात, तिथे अशी माहिती विनातक्रार स्वीकारली जाते आणि लहरी पडद्यावर दाखवणाऱ्या ऑसिलोस्कोपवर साइन लहरीच्या जागी खरखरीत पट्टा उमटतो.