मेगापिक्सेल जास्त म्हणजे कॅमेरा भारी?

फोर्टच्या बोरा बाजारात कॅमेरा घ्यायला गेलेल्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘किती मेगापिक्सेल?’ आकडा मोठा तो कॅमेरा भारी, हा समज जुना आहे आणि चुकीचा आहे. ए-फोर आकाराच्या उत्तम छपाईला ९ मेगापिक्सेलही पुरतात.

खरा फरक सेन्सरच्या, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपच्या आकाराचा. साध्या कॉम्पॅक्टचा (लेन्स न बदलता येणाऱ्या छोट्या कॅमेऱ्याचा) सेन्सर साधारण ६.२ बाय ४.६ मिलिमीटर, तर नवशिक्यांसाठीच्या मिररलेसमधला (लेन्स बदलता येणाऱ्या, आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यातला) एपीएस-सी नावाचा सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६. म्हणजे क्षेत्रफळ जवळपास तेरापट! गिरगावात रात्री विसर्जनाची मिरवणूक टिपा, लहान सेन्सरवर चेहरे दाणेदार आलेच म्हणून समजा.

म्हणून डोळे झाकून मिररलेस घ्यावा, असंही नाही. मिररलेससोबत मिळणारी किट लेन्स झूम केल्यावर बराच कमी प्रकाश आत घेते, हे काउंटरवर कुणी सहसा सांगत नाही. एक इंची सेन्सर (नावालाच एक इंची, प्रत्यक्षात १३.२ बाय ८.८ मिलिमीटर) आणि एफ १.८ (म्हणजे जास्त प्रकाश आत घेणाऱ्या) लेन्सचा कॉम्पॅक्ट किट लेन्सवाल्या मिररलेसच्या अगदी जवळ पोचतो, शिवाय खिशात मावतो. मिररलेसचं मोल कळतं ते वेगळी प्राइम लेन्स (झूम नसलेली, पण सहसा जास्त प्रकाश घेणारी) लावल्यावर. तेवढं बजेट नसेल, तर विरार लोकलच्या गर्दीत ती बॅग सांभाळायची कशाला?