रॉबेन बेटावरची अँटिगनी

1965 साली दक्षिण आफ्रिकेतल्या पोर्ट एलिझाबेथ शहराला लागून असलेल्या न्यू ब्रायटन या काळ्या लोकांच्या वस्तीत काही माणसे नोकरीवरून सुटली की संध्याकाळी तालमीला जमत. बहुतेक पोटासाठी दुसरीच कामे करणारे, हौसेने नाटकात आलेले. मंडळीचे नाव सर्पंट प्लेयर्स. त्यांचा पहिला प्रयोग साप ठेवण्यासाठी बांधलेल्या एका रिकाम्या खड्ड्यात झाला होता, त्यावरून हे नाव पडले. 1963 मध्ये ही मंडळी अथॉल फ्यूगार्ड या गोऱ्या नाटककाराकडे आपणहून गेली आणि आमच्याबरोबर काम करा म्हणाली. तेव्हापासून फ्यूगार्ड त्यांच्याबरोबर होते. काळ्यांनी आणि गोऱ्यांनी मिळून नाटक करणे हाच त्या देशात संशयाचा विषय होता, त्यामुळे पोलिसांची नजर पहिल्यापासूनच होती.

1965 च्या त्या तालमी सोफोक्लीजच्या ‘अँटिगनी’च्या होत्या. नाटक सुमारे चोवीसशे वर्षांपूर्वीचे. थीब्सच्या गादीसाठी दोन भाऊ एकमेकांना मारून मरतात. नवा राजा क्रेऑन एकाला सन्मानाने पुरतो आणि दुसऱ्याला देशद्रोही ठरवून हुकूम काढतो, याचे प्रेत उघड्यावर कुजू द्या, अंत्यसंस्कार करील त्याला देहदंड. त्यांची बहीण अँटिगनी हुकूम मोडते, भावाच्या देहावर माती घालते आणि पकडली गेल्यावर राजाला तोंडावर सांगते की देवांचा कायदा तुझ्या कायद्याहून थोर आहे. क्रेऑन तिला गुहेत जिवंत कोंडायची शिक्षा देतो.

वर्णद्वेषी राजवटीत हे नाटक निवडणाऱ्यांना आपण काय निवडले ते नीट ठाऊक होते. मंडळीतल्या नटांना एकेक करून पोलिसांनी उचलले. आरोप ठरलेला असे: बंदी घातलेल्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे सदस्य असणे.

त्या खटल्यांतली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. मंडळीतल्या एका नटाची बायको खटला ऐकायला क्रॅडॉक गावच्या कोर्टात गेली होती. शिक्षा सुनावल्यावर आरोपींमधल्या एका म्हाताऱ्याने अंगातला कोट काढून तिच्या हातात दिला. घरी माझ्या बायकोला दे, म्हणाला, आणि तिला सांग की हा वापर. मंडळीने यावरच 1966 मध्ये ‘द कोट’ हे नाटक उभे केले. लिहिलेली संहिता नव्हती. त्या बाईने तो कोट आणल्यावर काय झाले असेल, हे नटांनी एकमेकांना प्रश्न विचारत, बोलत आणि करून बघत शोधले. ही रीत पुढे फार उपयोगी पडली.

शिक्षा झालेले नट रॉबेन बेटावर गेले. केप टाऊनसमोरच्या टेबल उपसागरातले हे छोटे बेट. कधीकाळी तिथे महारोग्यांची वस्ती होती; 1960 च्या दशकापासून राजकीय कैद्यांचा तुरुंग. कैदी सगळे गौरेतर पुरुष, वॉर्डर सगळे गोरे. गोऱ्या राजकीय कैद्यांना प्रिटोरियात ठेवत. बेटावरच्या कैद्यांमध्येही वर्णाप्रमाणे शिधा आणि कपडे वेगळे: भारतीय वंशाच्या कैद्याला लांब पँट, आफ्रिकनाला आखूड. दिवसभर दगड फोडणे किंवा चुनखडीच्या खाणीत कुदळ चालवणे.

सुरुवातीला कैदी कुदळीच्या ठेक्यावर गाणी म्हणत. गाणी खोसा भाषेत असल्याने वॉर्डरांना वाटे, कामाला जोर यावा म्हणून गात असतील. मग खोसा समजणारा एक वॉर्डर आला आणि गाण्यांमधून काय चालले आहे ते त्याला कळले. गाण्यावर बंदी आली आणि त्याबरोबर शिट्टी वाजवण्यावरही.

नाटकाला मात्र वाट मिळाली ती नाताळामुळे. वर्षातून त्या एका सणाला कैद्यांना गाण्याचा कार्यक्रम आणि नाटुकले करायची परवानगी असे. आपल्या शाळा-कॉलेजांच्या गॅदरिंगसारखाच प्रकार. अशाच एका कार्यक्रमात सर्पंट प्लेयर्सच्या कैदी नटाने ‘अँटिगनी’ केले. पुस्तक जवळ नव्हते. न्यू ब्रायटनच्या तालमींमध्ये जे पाठ झाले होते तेवढेच भांडवल. त्यातून त्याने दोन पात्रांचा, जेमतेम पंधरा मिनिटांचा प्रवेश बसवला: क्रेऑन आणि अँटिगनी, आरोप आणि उत्तर. प्राचीन ग्रीक कथेला हरकत घ्यावी असे वॉर्डरांना वाटले नसावे.

या प्रयोगाची आणि नेल्सन मंडेलांच्या प्रयोगाची अनेकदा गल्लत होते, म्हणून स्पष्ट सांगतो: ती दोन वेगळी नाटके आहेत. मंडेला आणि त्यांचे सहकारी एकेकट्याच्या कोठड्यांच्या ‘बी’ विभागात होते, सामाईक बराकींपासून तोडलेले. त्यांची स्वतःची हौशी नाट्यमंडळी होती आणि तीही नाताळातच नाटक करी. मंडेलांनी आत्मचरित्रात लिहिले आहे की मंच नाही, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. हातात होती ती फक्त संहिता. त्यांनी मोजक्याच भूमिका केल्या. त्यांतली एक कायम लक्षात राहिली, ‘अँटिगनी’तल्या क्रेऑनची.

बंडखोर बहिणीऐवजी त्यांच्या वाट्याला राजा आला, हे मला या साऱ्या इतिहासातले सर्वांत मोलाचे वाटते. जन्मठेपेचा कैदी हुकूमशहाचे शब्द स्वतःच्या तोंडाने बोलत होता. मंडेलांनी क्रेऑनकडे खलनायक म्हणून पाहिले नाही. राज्य हाती आल्याशिवाय, कायदे करायची वेळ आल्याशिवाय माणसाचा कस कळत नाही, हा क्रेऑनचा सुरुवातीचा विचार त्यांना पटला होता. पुढे तो कुणाचे ऐकेनासा होतो, दयेला जागा ठेवत नाही, आणि तिथेच तो नेता म्हणून संपतो, असे त्यांचे वाचन होते. अँटिगनीला ते स्वातंत्र्यसैनिक म्हणत, कारण अन्याय्य म्हणून तिने कायदा मोडला. 1994 साली राष्ट्राध्यक्ष झालेल्या माणसाने सत्तेचा हा धडा तुरुंगातल्या नाटकात एकदा पाठ केला होता.

संहितांना तिथे किती किंमत होती, हे याच विभागातल्या एका पुस्तकावरून कळते. डर्बनचे सनी वेंकटरत्नम 1972 ते 1978 बेटावर होते. त्यांच्याकडे शेक्सपिअरची समग्र नाटके एका खंडात होती. हे आपले धर्मपुस्तक आहे असे त्यांनी वॉर्डरला सांगितले आणि घरून आलेली दिवाळीची भेटकार्डे, देवदेवतांची रंगीत चित्रे असलेली, मुखपृष्ठावर चिकटवली. पुस्तक कोठड्या-कोठड्यांतून फिरले. सुटकेआधी त्यांनी सोबत्यांना सांगितले, आवडत्या ओळीपाशी सही करा. तिसाहून जास्त सह्या झाल्या. मंडेलांचे सहकारी गोवन म्बेकी यांनी ‘ट्वेल्फ्थ नाइट’च्या आरंभीच्या, संगीताविषयीच्या ओळी निवडल्या, दुसरे सहकारी वॉल्टर सिसुलू यांनी ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉकचे अपमान सोसण्याचे बोल. मंडेलांनी ‘ज्युलियस सीझर’मध्ये, भ्याड माणूस मरणाआधी अनेकदा मरतो या ओळींपाशी सही करून तारीख घातली: 16 डिसेंबर 1977. याच तारखेला 1961 साली त्यांच्या सशस्त्र संघटनेने लढ्याची घोषणा केली होती. 2012 मध्ये लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये हे पुस्तक दिवाळीच्या कार्डांसकट मांडले होते.

आता पुन्हा त्या पंधरा मिनिटांच्या प्रवेशाकडे. त्याची बातमी न्यू ब्रायटनला पोचली. तोवर मंडळीत जॉन कानी आणि विन्स्टन न्त्शोना हे दोन जबरदस्त नट आले होते. त्यांना आणि फ्यूगार्डना बेटाविषयी नाटक करायचे होते, पण आड कायदा होता. 1959 च्या तुरुंग कायद्याने तुरुंगातल्या परिस्थितीविषयी खोटी माहिती छापणे गुन्हा ठरवला होता, आणि माहिती खरी असल्याचे सिद्ध करायची जबाबदारी छापणाऱ्यावरच. 1965 मध्ये ‘रँड डेली मेल’ या वृत्तपत्राने तुरुंगांविषयी लेख छापले तेव्हा संपादकांवर खटला भरला गेला आणि 1969 मध्ये त्यांना दोषी ठरवले गेले. त्यामुळे नाटक कागदावर आले तर पुरावाच झाला असता. तिघांनी ‘द कोट’ची जुनी वाट धरली. संहिता न लिहिता, तालमीत बोलून, करून, ऐकलेल्या हकिकतींतून नाटक घडवले. तालमीच्या सुरुवातीला फ्यूगार्डनी जमिनीवर एक मोठे कापड अंथरले आणि ते घडी करत करत लहान करत नेले. शेवटी दोघांना त्यावर जेमतेम उभे राहता येईना. कोठडीचा अंदाज नटांच्या अंगात शिरला तो असा.

2 जुलै 1973 रोजी केप टाऊनच्या ‘द स्पेस’ या नाट्यगृहात पहिला प्रयोग झाला. नावात बेटाचा उल्लेख धोक्याचा, म्हणून जाहिरातीत ‘डी होडोशे स्पान’ असे नाव होते: होडोशेची कामकरी टोळी. होडोशे म्हणजे खोसात मेलेल्या जनावरावर बसणारी हिरवी माशी. बेटावरच्या एका क्रूर वॉर्डरला कैद्यांनी हे नाव ठेवले होते. देशाबाहेर ते ‘द आयलंड’ या नावाने गेले. काळ्या माणसासाठी नट हा व्यवसाय सरकारी कागदावर अस्तित्वातच नव्हता. कानी आणि न्त्शोना यांची नोंद फ्यूगार्डकडचे घरगडी अशी होती.

नाटकात पात्रेही दोनच, आणि नावेही त्यांचीच: जॉन आणि विन्स्टन. आरंभी बराच वेळ एकही शब्द नाही. दोघे वाळू खणतात, ढकलगाडीत भरतात, दुसऱ्याच्या खड्ड्यात ओततात. खड्डा कधी भरत नाही. मग कोठडीत जॉन नाताळच्या कार्यक्रमासाठी ‘अँटिगनी’ बसवायला घेतो. अँटिगनी विन्स्टनने व्हायचे. आपल्या रंगभूमीवर स्त्रीपार्ट करणाऱ्याला केवढा मान होता! विन्स्टन मात्र दोरांचा टोप आणि खोटी छाती लावून उभा राहतो तेव्हा सोबतीच त्याला हसतो, आणि तो भडकून नकार देतो. माझे म्हणणे मी बाई होऊन का सांगू? त्यातच जॉनची शिक्षा कमी होते. तीन महिन्यांत तो सुटणार, विन्स्टनला मात्र जन्मठेप. नाटकातला खरा घाव इथे आहे. मित्राच्या सुटकेचा आनंद आणि तिचा हेवा एकाच माणसाच्या चेहऱ्यावर येतो, तो दाबायचा प्रयत्न नट करत नाही. शेवटी विन्स्टन कार्यक्रमात अँटिगनी होतो, तिचे उत्तर देतो, आणि मग टोप भिरकावून स्वतःच्या नावाने बोलतो.

लंडनच्या रॉयल कोर्ट थिएटरमध्ये आणि 1974 मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर या नाटकाचे प्रयोग झाले. याच तिघांचे आधीचे नाटक ‘सिझ्वे बान्सी इज डेड’ आणि ‘द आयलंड’ या दोन नाटकांतल्या कामाबद्दल 1975 चा टोनी पुरस्कार कानी आणि न्त्शोना यांना विभागून मिळाला. घरी परतल्यावर, ऑक्टोबर 1976 मध्ये, ट्रान्स्काय भागात ‘सिझ्वे बान्सी’चा प्रयोग झाल्यावर दोघांना अटक झाली आणि जगभरातल्या रंगकर्मींनी निषेध केल्यावर त्यांना सोडण्यात आले.

1991 मध्ये शेवटचे राजकीय कैदी बेटावरून बाहेर पडले, 1996 मध्ये तुरुंग बंद झाला आणि पुढल्या वर्षी तिथे संग्रहालय उघडले. एव्हाना संहिता छापून, अनेक भाषांत जाऊन, कोणाच्याही हाती यावी इतकी सोपी झाली होती. 2000 साली लंडनच्या नॅशनल थिएटरमध्ये पुन्हा तोच पडदा उघडला, तेव्हा वाळू खणणारे दोघेही नट तेच होते. दोघांनीही तोवर पन्नाशी ओलांडली होती.