बाहुलीनाट्याला टाळे: पूर्व जेरुसलेमच्या रंगमंचाची पार्श्वभूमी

जून २०१३. पूर्व जेरुसलेमच्या अल-हकवाती नाट्यगृहात मुलांचा बाहुलीनाट्य महोत्सव भरायचा होता. इस्रायलच्या अंतर्गत सुरक्षा मंत्र्यांचा आदेश आला आणि नाट्यगृहाला आठ दिवस टाळे लागले. महोत्सवाला पॅलेस्टिनी प्राधिकरणाचा, म्हणजे पॅलेस्टिनींच्या स्वशासन संस्थेचा, पैसा मिळतो, असा ठपका होता. नाट्यगृहाने तो नाकारला.

या आदेशाच्या मुळाशी १९९४ चा एक कायदा आहे. इस्रायल आणि पॅलेस्टिनी नेतृत्व यांच्यातल्या ओस्लो शांतता करारानंतर इस्रायलने तो केला. प्राधिकरणाने इस्रायलच्या परवानगीशिवाय इस्रायलच्या हद्दीत कोणतेही काम करायचे नाही, असे त्यात म्हटले आहे. १९६७ च्या युद्धात ताब्यात घेतलेले पूर्व जेरुसलेम इस्रायल आपल्याच हद्दीत धरतो; जगातले बहुतेक देश हे मानत नाहीत. त्यामुळे इथला साधा नाट्यप्रयोगसुद्धा सार्वभौमत्वाच्या वादात ओढला जातो.

नाट्यगृह या कायद्याच्या आधीचे. हकवाती म्हणजे कॉफीखान्यात बसून गोष्टी रंगवणारा कथेकरी. फ्रान्स्वा अबू सालेम आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७७ साली या नावाने नाटकमंडळी काढली. पुढे त्यांनी जळून पडीक झालेले नुझा चित्रपटगृह भाड्याने घेतले, डागडुजी केली आणि १९८४ मध्ये तिथे पडदा उघडला. ज्या शहरात पॅलेस्टिनींना स्वतःचे नाट्यगृह नव्हते, तिथे ही फार मोठी गोष्ट होती. आज ते पॅलेस्टिनी राष्ट्रीय नाट्यगृह म्हणून ओळखले जाते.

संगीताची कथाही अशीच. याबूस या संस्थेने १९९० च्या दशकात जेरुसलेम महोत्सव सुरू केला. त्याच्या मैफली अनेक वर्षे 'राजांची थडगी' या प्राचीन दफनस्थळाच्या आवारात, उघड्या आभाळाखाली झाल्या. ही जागा फ्रान्सच्या मालकीची आहे, हे इथे विसरून चालत नाही. आपल्याच शहरात गायला परक्या देशाचे आवार लागावे, हे मला या सगळ्यात सर्वात जास्त बोचते.

त्याआधी २००९ मध्येही असेच घडले होते. त्या वर्षी 'अरब संस्कृतीची राजधानी' हा दरवर्षी एका शहराला मिळणारा मान जेरुसलेमला मिळाला होता. इस्रायलने मार्चमध्ये त्याचे कार्यक्रम बंद पाडले. मे महिन्यात पॅलेस्टाईन साहित्य महोत्सवाचे उद्घाटन होते. पोलिसांनी अल-हकवातीतून सगळ्यांना बाहेर काढले, तेव्हा लेखक आणि श्रोते फ्रेंच सांस्कृतिक केंद्रात गेले आणि कार्यक्रम तिथे पार पडला.

याबूसने पुढे पहिल्या इंतिफादात, म्हणजे १९८७ मध्ये सुरू झालेल्या पॅलेस्टिनी उठावात, बंद पडलेल्या अल-कुद्स चित्रपटगृहात आपले केंद्र उभारले. २२ जुलै २०२० रोजी तिथे धाड पडली. संचालिका रानिया इलियास आणि त्यांचे पती, एडवर्ड सईद राष्ट्रीय संगीतविद्यालयाचे संचालक सुहैल खूरी, यांना अटक झाली. त्याच दिवशी विद्यालयाचीही झडती झाली. मुले तिथे ऊद आणि कानून ही अरबी तंतुवाद्ये वाजवायला शिकतात.