पाय अपघातात गेला, मग हृदयाची चौकशी का?

मधुमेहामुळे किंवा रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे ज्यांचा पाय कापावा लागतो, त्यांना हृदयविकाराचा धोका असतोच. पायाच्या धमन्या बिघडवणाऱ्या आजाराने बहुतेकदा हृदयाच्या धमन्याही गाठलेल्या असतात. कोडे होते ते हे, की अंगाने धडधाकट असताना स्फोटात किंवा अपघातात पाय गमावलेल्या तरुणांनाही पुढे हृदयविकार का गाठतो.

त्याची उकल युद्धातल्या जखमींच्या नोंदींतून होत गेली. दुसऱ्या महायुद्धात हात-पाय गमावलेल्या अमेरिकी सैनिकांचा ह्रुबेक आणि रायडर या संशोधकांनी सुमारे 30 वर्षांचा मागोवा घेतला. ज्यांचा अवयव वरच्या भागातून कापला गेला होता, त्यांच्यात हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने झालेले मृत्यू इतर जखमींपेक्षा जास्त निघाले. 1979 मध्ये अमेरिकेने नियमच केला: सेवेतल्या दुखापतीने एक पाय गुडघ्यातून किंवा त्याच्या वर, अथवा दोन्ही पाय घोट्यातून किंवा वर गेलेल्या माजी सैनिकाला पुढे हृदयविकार झाला, तर तो त्या दुखापतीचाच परिणाम धरायचा. 1998 मध्ये इस्रायली सैनिकांच्या अभ्यासातही हेच दिसले. शिवाय पाय गमावलेल्यांच्या रक्तात इन्सुलिनचे प्रमाण जास्त आढळले. कमी झालेली हालचाल, सुटलेले पोट, दीर्घ मानसिक ताण आणि रक्तप्रवाहात झालेला बदल, अशी कारणे मांडली जातात. एकट्या कारणावर बोट ठेवता येत नाही.

धोका कळला, पण तो मोजायची साधने मात्र हात-पाय शाबूत असलेल्यांना गृहीत धरूनच घडत गेली. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावी 1948 मध्ये सुरू झालेल्या हृदयविकाराच्या अभ्यासातून जोखमीची जी गणिते आली, त्यांत वय, रक्तदाब, कोलेस्टेरॉल, धूम्रपान आहे. अवयव गमावला आहे का, हा रकानाच नाही.

वजनाचेच बघा. उंची 170 सेंटिमीटर, वजन 70 किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन किती, याचा आकडा) 24.2. ठीक वाटते. पण त्या माणसाचा एक पाय खुब्यापासून गेला असेल तर? अख्खा पाय शरीराच्या वजनाच्या साधारण 16 टक्के असतो. तो जमेस धरला की वजन 83 किलोच्या पुढे आणि बीएमआय 28.8 वर जातो. साध्या भागाकाराने उघडा पडणारा लठ्ठपणा कागदावर लपून राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

ट्रेडमिलवर चालवून हृदय तपासण्याच्या चाचणीचेही तसेच. डॉ. ब्रूस यांची 1963 मधली पद्धत पट्ट्याचा वेग आणि चढ वाढवत नेते. कृत्रिम पायावर चालणाऱ्याला पायाचा उरलेला खुंट दुखल्यामुळे किंवा तोल न साधल्यामुळे आधीच थांबावे लागते आणि हृदयावर पुरेसा ताण येतच नाही. अशा वेळी ‘दोष आढळला नाही’ या निष्कर्षावर विसंबता येत नाही. म्हणून हाताने फिरवायच्या पॅडलवर चाचणी घेतात, किंवा डोब्युटामिनसारखे औषध देऊन हृदयाची गती वाढवतात आणि इकोमध्ये, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीत, त्याच्या भिंतींची हालचाल पाहतात.